अन्नशास्त्रातील संशोधनाच्या वाटा व प्रयोगशाळेतील सावधगिरी

आम्ही कला शाखेचे पदवीधर. इतिहास व मराठी घेऊन बी. ए. झालो आणि बँकेत कारकून म्हणून लागलो. प्रयोगशाळा म्हणावी तर शाळेत असताना दाराबाहेरूनच पाहिलेली. अशा माणसाने अन्नशास्त्रावर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु संपादक मंडळाने 'विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे काही द्या' म्हणून आग्रह धरला तेव्हा दोन गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. पहिली बँकेच्या काउंटरवरची. दरवर्षी निकाल लागले की शैक्षणिक कर्जाच्या चौकशीला खेड्यापाड्यांतील मुले-मुली येतात. कोणी नर्सिंगचे विचारतो, कोणी फार्मसीचे, कोणी इंजिनिअरिंगचे. अन्न तंत्रज्ञानाचा अर्ज मात्र आमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच आला. दुसरी गोष्ट आमच्या घरातली आहे. ती ओघाने सांगू.

केनवड व आसपासच्या शिवारात खरिपात नजर टाकाल तिकडे सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, आणि रब्बीला हरभरा. पोते भरले, बाजार समितीत नेले, भाव घेतला की आपला त्या दाण्याशी संबंध संपला. तेल गाळणारा कारखानदार, पेंड निर्यात करणारा व्यापारी, पोल्ट्रीवाला ही सगळी माणसे त्यानंतर येतात. दाण्याच्या पोटात काय आहे, हे पिकवणाऱ्याला कोणी सांगितलेच नाही. अन्नशास्त्र म्हणजे तेवढेच समजून घेणे. पाककला वेगळी आणि हे शास्त्र वेगळे. हे शास्त्र रसायन, सूक्ष्मजीव व यंत्र या तिन्हींच्या आधाराने चालते.

सोयाबीनचेच पाहा. त्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने व वीस टक्के तेल. इतके सकस धान्य दुसरे शोधून सापडणार नाही. असे असून आपल्या घरात सोयाबीनची उसळ होत नाही. कच्चे सोयाबीन पोटाला बाधते, हे बायाबापड्यांना अनुभवाने ठाऊक आहे. कारण असे की, आपल्या आतड्यात प्रथिने पचवणारा ट्रिप्सिन नावाचा पाचकरस असतो आणि सोयाबीनमध्ये त्या ट्रिप्सिनचाच हात धरून ठेवणारा पदार्थ असतो. त्याला ट्रिप्सिन-रोधक म्हणतात. पाचकरसच अडकला म्हणजे प्रथिने असूनही अंगी लागत नाहीत. दाणा उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवला की हा रोधक बव्हंशी निकामी होतो. पण फार भाजले तर लायसिन नावाचा मोलाचा घटक नासतो. म्हणजे उष्णता कमी पडून चालत नाही आणि जास्त होऊनही चालत नाही. नेमकी किती द्यावी हे कारखान्यात कसे कळते? सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे दुसरे एक विकर असते, तेही साधारण तितक्याच उष्णतेने मरते. ते तपासायला सोपे. म्हणून पेंडीत युरिएज शिल्लक आहे का एवढे पाहतात व त्यावरून रोधकाचा अंदाज बांधतात. आम्हाला हे भाचीने सांगितले तेव्हा बँकेतली आठवण झाली. प्रत्येक वही कोणी तपासत नाही, एक ताळा जुळला की बाकीचे बरोबर असे धरतात, त्यातलाच हा प्रकार!

आता जे सांगणार आहोत ते फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या कडधान्यांतील या ट्रिप्सिन-रोधकांवर देशात ज्यांनी आरंभी काम केले, त्यांत एक मराठी बाई होत्या. डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. उत्तम गुणांनी होऊन त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून अर्ज नाकारला गेला. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. बंगलोरला जाऊन त्यांनी समोरासमोर कारण विचारले व ठाण मांडले. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर, पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे, काम पसंत पडले तरच मान्यता. गुणवत्ता हाती असून दारात अडवले जाणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. कमलाबाईंनी तेथे दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले, पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएच. डी. मिळविली. विज्ञानात ती पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. परत आल्यावर कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा व नंतर मुंबईची विज्ञान संस्था येथे त्यांनी आयुष्य वेचले. त्यांचे विषय पाहिले म्हणजे मन भरून येते: कडधान्ये, नीरा, भाताचे पीठ, दूध. गरिबाच्या ताटातलेच सगळे. पुढे त्याच विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोचल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

म्हणजे संशोधनाला विषय परदेशातूनच आणावा लागतो असे नाही. तुरीची डाळ घ्या. तुरीचे टरफल सहजी सुटत नाही, कारण टरफल व डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. म्हणून आपल्या आया तुरीला तेल-पाणी लावून उन्हात घालत, मग जात्यावर भरडत. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने हेच काम लहान प्रमाणावर करणारी 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' तयार केली. विदर्भात बचत गटांनी, शेतकऱ्यांनी ती घेतली आणि तूर विकणारा माणूस डाळ विकू लागला. बँकेत अशा मिलचे प्रस्ताव आम्ही हाताळले आहेत. कागदावर ते एक यंत्र दिसते. परंतु त्यामागे कोणीतरी वर्षानुवर्षे तो चिकट थर कसा सुटेल याचा विचार केला आहे, हे मागाहून कळले.

आता हे शिकवतात कोठे? आपल्या भागातून जवळची व जुनी जागा म्हणजे परभणी. तेथील अन्न तंत्रज्ञान महाविद्यालय १९७६ पासून आहे व ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची बी. टेक., पुढे एम. टेक. व पीएच. डी. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ सालची. तेथेही अन्न तंत्रज्ञान शिकवले जाते. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, जुन्या लोकांची यूडीसीटी, १९३३ पासून आहे. म्हैसूरला केंद्र सरकारची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, १९५० साली स्थापन झालेली, सीएफटीआरआय म्हणून प्रसिद्ध. सोयाबीनसाठी भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत खास विभाग आहे. भोपाळ काही लांब नाही! पोषणाच्या बाजूने जायचे तर हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. ज्यांनी साधी बी. एस्सी. केली त्यांनीही निराश होऊ नये. रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन या विषयांतूनही अन्न संशोधनाकडे रस्ता जातो. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत बसून काम करता येते. आपल्या महाविद्यालयांच्या सूचना फलकावर ही जाहिरात आम्हाला कधी दिसली नाही.

आता घरातली गोष्ट. आमच्या बहिणीची मुलगी अन्नशास्त्राच्या पदवीला होती. महाविद्यालयाचे नाव येथे देत नाही. दुसऱ्या वर्षी दुधातील फॅट काढण्याचा प्रयोग होता. गावच्या डेअरीवर 'फॅट किती लागली' म्हणतात ना, तोच. गर्बर पद्धत म्हणतात. काचेच्या खास नळीत दहा मिली तीव्र गंधकाम्ल, त्यावर पावणेअकरा मिली दूध, एक मिली अॅमिल अल्कोहोल, आणि वर रबरी बूच. गंधकाम्ल दुधातील प्रथिने विरघळवते, फॅट मोकळी होते. नळी हलवताच आतील मिश्रण काळपट होते व इतके तापते की उघड्या हातात धरवत नाही. भाचीचे बूच नीट बसले नव्हते. ते उडाले व तापलेले आम्ल डाव्या हातावर, ओढणीवर आणि चष्म्यावर आले. चष्मा नंबरचा होता. सुरक्षेचा म्हणून चष्मा त्या प्रयोगशाळेत एकही नव्हता. नळाला त्या दिवशी पाणी नव्हते. कोणी खोबरेल तेल आणायला धावले, कोणी फडक्याने पुसू लागले. एका शहाण्या मैत्रिणीने पिण्याच्या पाण्याचा माठ उचलून तिच्या हातावर रिता केला, मग दुसरीने बाहेरच्या ड्रममधून बादल्या आणल्या.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा ती म्हणाली, "मामा, चष्मा होता म्हणून डोया वाचला." तिची आई, म्हणजे आमची बहीण, मात्र एकच धोशा लावून बसली, "पोरीले घरी घेऊन चाला. काही नाही लागत आपल्याले असं शिक्षन." तिचे चुकले असे आम्ही म्हणू शकलो नाही. घरातून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. पाच एकरांच्या कोरडवाहूवर काढलेले कर्ज आणि हातावर कोपरापर्यंत पट्टी.

चार दिवसांनी आम्ही व तिचे वडील महाविद्यालयात गेलो. भांडायला गेलो नव्हतो. फक्त विचारले, "पहिल्या दिवशी या मुलांना काय सांगितले होते?" शिकवणारे सर तरुण होते, तासिका तत्त्वावर होते, एकामागून एक तीन बॅचेस घेत होते. ते खाली पाहून म्हणाले, "प्रयोगाची कृती लिहून दिली होती." त्यांच्यावर आम्ही राग धरला नाही. त्यांनाही ते शिकताना कोणी सांगितले नसावे. परंतु पंचवीस मुलांच्या हाती तीव्र आम्ल देताना ते अंगावर पडले तर काय करावे एवढे एक वाक्य कोणी सांगू नये, हे मनाला लागले.

अशा गोष्टी लहान ठिकाणीच होतात असे नाही. २००८ साली डिसेंबरात अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तेवीस वर्षांची एक संशोधन साहाय्यक हवेशी संबंध येताच पेट घेणारे रसायन सिरिंजने घेत होती. अंगात कृत्रिम धाग्याचे स्वेटर होते, अॅप्रन नव्हता. ती भाजली व अठरा दिवसांनी मृत्यू पावली. त्या प्रकरणी प्राध्यापकावर फौजदारी खटला झाला व तेथील विद्यापीठांना जाग आली. डिसेंबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, कमलाबाईंना अडवले त्याच संस्थेत, गॅस सिलिंडरच्या स्फोटात एक तरुण संशोधक ठार व तिघे जखमी झाले. आणि २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायन विभागातील वापरात नसलेले कोबाल्ट-६० चे किरणोत्सारी यंत्र भंगारात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले, एक मजूर दगावला व कित्येक आजारी पडले. कांदा-बटाट्याला मोड येऊ नयेत म्हणून किरण देतात ते याच कोबाल्टचे. उपयोगाची वस्तू आणि घातक वस्तू एकच असते. फरक पडतो तो हाताळणाऱ्याच्या माहितीने.

अन्नशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणखी एक निराळाच धोका आहे. तेथे समोर खाण्याचीच वस्तू असते. दूध, पेढा, शेंगदाणे, मसाले! रसायनशाळेत बाटलीला तोंड लावण्याची इच्छा कोणाला होत नाही, पण येथे हात सहज जातो. दुधाचा नमुना टिकावा म्हणून त्यात फॉर्मेलिन टाकलेले असते, शेंगदाण्यावर मुद्दाम बुरशी वाढवलेली असते. भाची म्हणते, प्रयोगशाळेच्या उंबऱ्याआत आलेले अन्न हे अन्न राहत नाही, तो नमुना होतो. चव पाहण्याची परीक्षा असते, पण तिची खोली वेगळी, भांडी वेगळी, फ्रीज वेगळा. रसायनांच्या फ्रीजमध्ये डबा ठेवणे हा तर सर्रास चालणारा प्रकार आहे, शिक्षकांचासुद्धा.

बुरशीला हसू नये. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या आदिवासी भागात भिजून बुरशी आलेला मका खाऊन सुमारे चारशे माणसे आजारी पडली व शंभरावर दगावली. हैदराबादच्या पोषण संस्थेने शोध लावला तेव्हा कारण निघाले अफ्लाटॉक्सिन, म्हणजे त्या बुरशीचे विष. ते यकृत नासवते. आपल्या शेंगदाण्यात, मक्यात, पेंडीत ते सापडू शकते व त्यावर संशोधनाला भरपूर वाव आहे. मात्र ते विष कोरड्या भुकटीच्या रूपात फार बेमालूम उडते. म्हणून हातमोजे, तोंडावर योग्य मास्क, आणि काम धूर ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच. सांडले तर व्हाइटनिंगच्या पाण्याने, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटने पुसायचे. हे माहीत असलेला विद्यार्थी त्या विषयावर निर्धास्त काम करील. ज्याला माहीत नाही तो भिऊन विषय सोडील किंवा न भिता आजार घेऊन येईल.

मग प्रशिक्षणात असावे तरी काय? आम्ही भाचीकडून ऐकून व तिची वही चाळून जे समजलो ते सांगतो. आधी प्रयोगशाळा फिरून दाखवावी: बाहेर पडायची दोन दारे कोणती, डोळे धुण्याचा नळ कोठे, आग विझवण्याचे नळकांडे कोणत्या आगीचे. शेंगदाण्यातील तेल काढण्याच्या सॉक्सलेट प्रयोगात पेट्रोलियम ईथर किंवा हेक्झेन तासन्‌तास उकळत असते. त्याची वाफ दिसत नाही, पण टेबलावरून वाहत दूरच्या ज्योतीपर्यंत जाते. अशी आग पाण्याने पसरते, तिला कार्बन डायऑक्साइड किंवा कोरडी भुकटी लागते. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल घालायचे, आम्लात पाणी कधीच नाही. कारण आम्लावर पाणी पडताच ते जागीच उकळून उसळते. अंगावर आम्ल पडले तर तेल नाही, सोडा नाही, भरपूर वाहते पाणी, किमान पंधरा-वीस मिनिटे, आणि आम्ल लागलेला कपडा लगेच दूर. तेथे लाज आडवी येऊ देऊ नये. प्रथिने मोजण्याच्या केल्डाल प्रयोगात गंधकाम्ल सुमारे चारशे अंशांपर्यंत तापते आणि नंतर त्यात तीव्र अल्कली सोडतात. हे काम एकट्याने, जेवणाच्या सुटीत, घाईत करू नये. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच. घरी कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकण काढत नाही तोच नियम. राख करण्याच्या भट्टीतून साडेपाचशे अंशांवरची वाटी काढली की पाच मिनिटांत ती थंड वाटीसारखीच दिसते. भाजतात बहुतेक तिच्यानेच. पिपेट तोंडाने ओढण्याची जुनी सवय मोडावी, त्याला रबरी फुगा मिळतो. प्रत्येक रसायनासोबत त्याचे सुरक्षा-माहितीपत्रक येते, सोळा भागांचे. ते इंग्रजीत असते म्हणून कपाटात पडते. मुलांनी त्यातील प्रथमोपचाराचा भाग मराठीत लिहून बाटलीजवळ चिकटवला तर अर्धे काम होईल. ओढणी, मोकळे केस, चपला हे तर वेगळे सांगायला नको.

हे प्रशिक्षण मागितले तर सर रागावतील, मार्क कापतील, अशी धास्ती मुलांना असते. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण एकट्याने न मागता सगळ्या बॅचने मिळून अर्ज द्यावा. रासायनिक प्रयोगशाळांच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोचे स्वतंत्र मानक आहे, आयएस ४२०९. अर्जात त्याचा उल्लेख केला की अर्जाला वजन येते. कारकून म्हणून हा आमचा अनुभव आहे, नियमाचा क्रमांक असलेला कागद फाईलला लावावाच लागतो. शिवाय नोकरीच्या दृष्टीनेही पाहा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळांना एनएबीएलची मान्यता लागते व तेथे मुलाखतीत सांडलेले आम्ल कसे आवराल हेच आधी विचारतात.

आमची भाची दीड महिन्याने परत गेली. बहीण बोलली नाही, पण बसस्टँडवर डबा घेऊन आली. मुलीने पहिले काम केले ते सुरक्षेचा चष्मा विकत घेण्याचे. हातावरचा डाग राहिला आहे. सध्या ती पदव्युत्तर शिक्षण घेते आणि नव्या मुलांना पहिल्या दिवशी प्रयोगशाळा फिरवून दाखवण्याचे काम तिने मागून घेतले आहे.

आता पैशाचे. शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असावे लागतात, आणि साधारणपणे शिक्षण संपून वर्ष झाल्यावर हप्ते सुरू होतात. पालकांना ठाऊक नसते ते हे की खर्चाच्या अंदाजपत्रकात प्रयोगशाळा शुल्क, पुस्तके, उपकरणे, गणवेश हेही बसते. तेव्हा अॅप्रन, चष्मा व हातमोजे त्यात जरूर लिहा. आम्ही ते कधी खोडले नाही. पदवीपर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहेच. पीएच. डी. साठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राष्ट्रीय फेलोशिप आहे व पुण्याच्या बार्टी संस्थेचीही फेलोशिप आहे. नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना सदतीस हजार रुपये मिळतात. आमच्या शाखेत नव्याने लागलेल्या कारकुनाच्या हाती येतात त्याच्या आसपासच. बार्टीची जाहिरात दरवर्षी एकाच तारखेला निघत नाही, म्हणून लक्ष ठेवावे लागते.

मुले अडतात ती बहुधा कागदांवर. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत वाशीमच्या पडताळणी समितीकडे अर्ज करावा. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ते मिळत नाही. वडिलांच्या व आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यातील नावात काना-मात्रेचा फरक असेल तर तो आताच पाहून ठेवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, चालू वर्षाचा. रविवारी सकाळी आम्ही घरीच असतो. केनवड व आजूबाजूच्या गावांतील कोणीही कागद घेऊन यावे, बसून लावून देऊ. येताना मूळ प्रती आणाव्यात आणि प्रत्येकीच्या तीन झेरॉक्स.